हिरव्या मैदानाचा क्लब
ओल्या माठाचा वास आला की मला मिरजेतलं ते मैदान आठवतं. नव्वद सालानंतरची गोष्ट. पोराला फुटबॉलचं वेड, आणि गावात क्लब दोन. एक रेल्वे रुळांलगतचा, नुसती खडी, पोरं गुडघे फोडून घ्यायची. दुसऱ्याकडं हिरवं गवत, गोलला जाळी, शिकवायला सर. मी दुसरा निवडला. सरांनी आडनाव विचारलं, कुठल्या वस्तीत राहता तेही विचारलं, आणि पोराला घेतलं. आम्ही बौद्ध म्हणून नकार आला नाही, याचंच मला हायसं वाटलं. आठवड्यानं दवाखान्यातली माझी ड्यूटी लवकर सुटली, तशी मी नर्सच्या साडीतच मैदानावर गेले. खेळ थांबला होता. पोरं माठाकडं धावली, एकाच पेल्यानं घटाघटा प्याली. माझं पोर सगळ्यांत शेवटी गेलं. कुणी काही न सांगता त्यानं ओंजळ पुढं केली आणि सरांनी वरून पाणी ओतलं. ह्यांच्याच म्हाताऱ्यांना मी दिवसभर चमच्यानं पाणी पाजून आले होते! वाटेत म्हटलं, "उद्यापासनं रुळाकडच्या क्लबात जायचं." तो रडकुंडीला आला. "नगं आई, हितला बॉल लय चांगला हाय. मी घरनं पाणी नेतो की." दुसऱ्या दिवशी मी त्याला बाटली आणून दिली. आता तो पुण्यात साहेब आहे. लग्नाकार्यातही स्वतःची बाटली घेऊन येतो. सून कौतुकानं म्हणते, "तब्येतीला फार जपतात."