सकवारबाईंची दोन बोटं

पडदा वर जातो तो तमिळ मुलखात, नुंगंबाक्कममधल्या एका प्रसूतिगृहाच्या खोलीवर. साल दोन हजार सहा. खिडकीत मोगऱ्याचा गजरा, पलंगावर सातव्या महिन्यातली मधुवंती, तिच्या दोन्ही पोटऱ्यांना गुंडाळलेल्या पट्ट्या आणि पायथ्याशी श्वास टाकणारं यंत्र. फुस्स... फुस्स... आणि दारातून, पोळ्यांचा डबा मिरवत, सकवारबाईंचा प्रवेश!

सकवारबाई तंजावरी मराठी. ब्लाऊज शिवून शिवून त्यांनी दोन मुलगे मार्गी लावले. मधुवंती त्यांची शेजारीण. तिचं माहेर दूर साताऱ्याला, म्हणून बाईंना ती लेकच. गरोदर बाईच्या अंगावर गाठ नको, हा बाईंचा नियम. अशा गिऱ्हाइकाच्या ब्लाऊजला त्या नाडीसुद्धा लावत नसत.

"अगंबाई, पोरीचे पाय बांधलेत!" डबा ठेवून त्यांनी चर्रकन पट्टी सोडली. यंत्रानं बोंब ठोकली. सिस्टर विजयलक्ष्मी धावत आली.

"मावशी, राहू दे!" मधुवंती म्हणाली. "रक्त जातंय, म्हणून उठायची बंदी. सारखं पडून राहिलं की पायात रक्ताची गुठळी होऊ शकते. ती छातीत गेली तर जिवावरच बेतायचं. रक्त पातळ करायचं इंजेक्शन आत्ता मला चालत नाही. हे यंत्र पट्ट्यांत हवा भरतं, पाय दाबतं, सोडतं. रक्त वाहतं राहतं."

सकवारबाईंचा चेहरा उतरला. सिस्टरनं पट्टी पुन्हा लावली आणि कडेखालून दोन बोटं सरकवून पाहिली.

"एवढी जागा हवी, पाटी," ती तमिळमध्ये म्हणाली; पाटी म्हणजे आजी. "सैल नको, आवळही नको."

"अय्यो! हे तर माझ्या बाहीचं माप!" बाई खुलल्या. "मग ही गाठ नव्हेच गं. बाही आहे. बाही चालते!"

तेव्हापासून रोज त्यांची दोन बोटं पट्टीखालून फिरू लागली. डोहाळजेवण पलंगावरच झालं; बाईंनी गाणी म्हटली, ठेका यंत्राचा. इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यातून थेट आलेला नवरा मंदार हसला, "मावशी, इथं नोकरीच धरा की!"

"तू गप पाय पसर, तुझंही माप घेते!"

पुढे शस्त्रक्रिया होऊन मुलगी झाली. मधुवंती खोलीभर चालू लागली, तेव्हा पट्ट्या कायमच्या उतरल्या. सिस्टरनं दुपट्यात गुंडाळलेली पोर सकवारबाईंच्या मांडीवर दिली. बाईंनी डोळे पुसले, दुपट्याची कड चाचपली आणि कपाळाला आठी घातली.

"सिस्टर, हिला केवढं आवळलंत! माझी दोन बोटं जात नाहीत."