मोहोळबुढीची दुलई

मोहोळबुढी रागावली नाही असा एक दिवस मला आठवत नाही. सकाळी उठल्याबरोबर ती कोंबड्यावर चिडायची, मग चुलीवर, मग आम्हा पोरींवर. आता तिचे नाव निघाले की गावातल्या बायका पदराआड हसतात आणि म्हणतात, "डोक्यानं जराशी फिरेलच होती ते." फिरली असेल तुमची आजी! ती रागावत होती त्याला कारण होते, आणि ते कारण याच बायकांना पक्के ठाऊक आहे. म्हणून तर हसतात.

आमचे गाव भातकुलीच्या वाटेवर. गावाच्या कडेला बाबांचा वांग्या-मिरच्यांचा मळा होता आणि मळ्याच्या बांधावर, चिंचेखाली, बुढीची खोपटी. नवरा तरुणपणीच गेला, मूल झाले नाही. आमच्या आजोबांनी तिला तिथे राहू दिले होते. नावातले मोहोळ आले ते तिच्या ठिगळांवरून. मधमाश्यांच्या पोळ्यात जशी सहा कोनांची घरे असतात, तशी ठिगळे ती जुन्या लुगड्यांतून कापायची. वाळल्या भोपळ्याच्या कवचाचा एक तुकडा तिने सहा कोनांत कातरून घेतला होता. तो कापडावर ठेवून कोळशाने रेघ मारायची आणि कातर चालवायची. आमच्याकडून कोन जरा चुकला की म्हणायची, "हे काय कापलं वं? उंदरानं कुरतडलं का?" आणि ठिगळ फेकून द्यायची.

दुपारी जेवणे आटोपली की बायका चिंचेखाली जमत. त्याला आम्ही 'बुढीची दुपार' म्हणत असू. तिथे नुसती शिवण नव्हती. जिला जे चांगले येते ते तिने इतरांना शिकवायचे, हा बुढीचा कायदा. एकीने सांडगे शिकवले, एकीने धूर न होणारी चूल लिंपायला शिकवले, माझ्या मायने डिंकाचे लाडू. कुणब्याची असो की माळ्याची, फाटक्या लुगड्याची असो की अंगावर सोने घालणारी, एकाच गोणपाटावर बसायचे. बाबांना ते आवडत नसे. "बायांनी दुपारी निजावं," ते म्हणत. हे ऐकून बुढी म्हणाली, "त्याले सांग, रात्री दळायले तू ये, मंग आमी दुपारी निजतो."

गावातली लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली की तिच्यासाठी दुलई शिवायची, हा त्या दुपारचा सगळ्यात मोठा सोहळा. प्रत्येक घराने आपल्या जुन्या लुगड्याचे ठिगळ द्यायचे. खाली जुने मऊ कापड, वर ठिगळांचे मोहोळ, मध्ये पिंजलेला कापूस. एका घरची दोन ठिगळे शेजारी शेजारी लावलेली बुढीला खपत नसत. एकदा पाटलाच्या सुनेने आपली दोन भारी ठिगळे मुद्दाम जवळजवळ लावली. बुढीने टाका दातांनी तोडला आणि म्हणाली, "घरी बसताच ना तुमी एकामेकीच्या मांडीवर? इथं दुसरीजवळ बस." पाटलाच्या सुनेला असे बोलणारे गावात दुसरे कोणी नव्हते.

माझी ताई पहिलटकरीण म्हणून घरी आली त्या वर्षी कापसाने गावाचे डोके फिरवले. सातासमुद्रापलीकडे कुठे तरी लढाई जुंपली होती म्हणे, आणि त्यामुळे विलायतेला आमचा कापूस हवा होता. त्यांची लढाई आणि आमच्या घरात आग! अमरावतीच्या बाजारात गाड्यांची रांग हलत नसे. पुरुषांनी ज्वारीची रानेसुद्धा कापसाखाली घातली, बैलांच्या शिंगांना चांदीची शेंबी चढवली, आणि ज्याला मिशी फुटली नव्हती तोही मिशीला पीळ देऊन भाव सांगू लागला. गावातला पिंजारी जास्त मजुरीसाठी शहरात निघून गेला. देवापुढच्या वातीला कापूस मागितला तरी घरधनी वस्सकन अंगावर येई.

ताईची दुलई पौषाच्या आधीच तयार झाली होती. माझ्या मायच्या लग्नातल्या हिरव्या लुगड्याचे ठिगळ मध्यभागी होते. एके दिवशी आम्ही पाण्याला गेलो आणि परतलो तर दुलई ओसरीवर चपटी होऊन पडलेली. एक बाजू उसवलेली, आतला कापूस गायब. बाबांनी तो काढून आपल्या गाडीतल्या कापसात मिसळला होता. माय रडायला लागली तर म्हणतात कसे, "रडतं काहून? वरचं कापड तं आहे ना जागच्या जागी!" या वाक्याचा राग माझ्या मनातून आजही गेलेला नाही. जणू वरच्या कापडाने थंडी जाते!

बुढीला कळले तेव्हा ती तडक आमच्या दारात आली. बाबा बैलांना पेंड घालत होते.

"नातवाच्या अंगावरचं ओरबाडून नेलं रे तू," ती ओरडली. "अजून जन्मलं नाई, तं त्याले आताच नागवं केलं!"

"तुले काय करायचं बुढे? घर माहं, कापूस माहा."

"वेचला कोनं? तू?"

बाबांनी पेंडीची पाटी उचलली. बुढी मायकडे वळली. "रडू नको. कापूस मी आनतो."

दुसऱ्या दिवसापासून वेचणीला जाणाऱ्या बायकांना तिने सांगितले, "संध्याकाळी येताना ओटीत मूठभर घेऊन या. आपल्याच हातानं वेचलेला आहे, भीक नाई." बायकांनी आणला. चिंचेखाली बसून आम्ही बोटांनी सरकी काढायचो. पिंजारी नाही म्हणून बुढी स्वतः काठीने झोडपून कापूस मोकळा करायची. दुलई अर्धी भरत आली होती. ताई तिथेच बसून पोटावर हात ठेवून बघत असायची.

मग एकाने भर रानात आपल्या बायकोचा पदर ओढला. ओटीतला कापूस मातीत सांडला आणि त्याने चोर चोर म्हणून आरडाओरड केली. स्वतःच्या बायकोला चोर! तासाभरात सगळे पुरुष चिंचेखाली हजर. त्यांनी झोडपलेला कापूस गोणीत भरला, दुलई पुन्हा उसवून तिच्यातलाही काढून घेतला. कापसाची गोणी बाबांनीच उचलली.

"उद्या इथं दिसाची नाई तू," बाबा बुढीला म्हणाले.

बुढीने बायकांकडे पाहिले. "बोला वं, कोनी तं बोला! म्या चोरी शिकवली का तुमाले?"

एकीनेही तोंड उघडले नाही. सांडगे शिकवणारी गप्प, चूल शिकवणारी गप्प, पाटलाची सून तर आलीच नव्हती. माझी माय माझा हात दाबून धरून उभी होती. मी ओरडले, तर मायनेच माझ्या तोंडावर हात ठेवला. सकाळी बुढी एक गाठोडे घेऊन अकोल्याला भाचीकडे निघून गेली, तेव्हा दारादारांत बायका उभ्या होत्या आणि एकही उंबऱ्याबाहेर आली नाही.

ताई पौषात बाळंत झाली. मुलगा झाला. काय थंडी होती ती! दोन लुगडी, एक फाटके घोंगडे, शेगडी, सगळे केले. पोर कुडकुडत राहिले आणि सटवाई पुजायच्या आधीच गेले. कापूस पिकवणाऱ्याच्या घरात पोर गारठून मेले. बाबा त्या दिवशीही बाजारात होते.

पुढे ती लढाई मिटली म्हणे. भाव असा कोसळला की अमरावतीला गेलेल्या गाड्या भरल्या तशाच परत येऊ लागल्या. ओसरीवर कापूस, माजघरात कापूस, बैलाच्या गव्हाणीतही कापूस. तेवढ्यात ताईला पुन्हा दिवस गेले. मायने दुलई शिवायला घेतली, पण ठिगळे जुळेनात. सहा कोन एकमेकांत बसवायचे बुढीशिवाय कोणाला नीट जमलेच नव्हते. ती असताना आम्ही शिव्या खात शिवायचो आणि चुकले की तीच सावरायची. शेवटी माय बाबांना म्हणाली, "जा आणि तिले घेऊन या." लग्न झाल्यापासून मायने बाबांना दिलेला तो पहिला हुकूम असेल.

बाबांनी गाडी जुंपली आणि मला सोबत घेतले. अकोल्यात भाचीच्या अंगणात बुढी बसली होती, भोवती बायका, मांडीवर ठिगळे, आणि तोंड चालू. बाबांनी पागोटे काढून हातात घेतले.

"माय, घरी चाल. लेकीचे दिवस भरत आले."

बुढीने मला जवळ ओढले, ताईची विचारपूस केली, गेलेल्या बाळाचे विचारले. मी सांगितले तेव्हा तिने डोळे पुसले. मग बाबांकडे पाहिले.

"दुलई देईन. त्या लेकरानं माहं काई बिघडवलं नाई. पन तुह्या गावात पाय ठेवनार नाई."

"आता काहून रागावतं वं माय? आता कापूस लई आहे. घर भरून आहे. पाहिजे तेवढा घे."

बुढी उठून उभी राहिली. मांडीवरची ठिगळे खाली पडली.

"भाव उतरला म्हनून माही याद आली तुले? पोट्टं मेलं तवा कुठी होता रे हा कापूस?"

अंगणातल्या बायकांच्या सुया थांबल्या. बाबांनी मान खाली घातली. परत येताना मी गाडीत वाटभर त्यांच्याकडे पाठ करून बसले.