एका नंबरावरची दोन पाखरे

वर्गात एकाच नावाची तीन मुले असली की मी त्यांना हजेरीच्या नंबराने हाक मारत असे. नावे सारखी असू शकतात, नंबर सारखा असू शकत नाही. हे एवढे तत्त्व कळले की संगणकावरचा डेटाबेस निम्मा कळला, असे मी पुढे अनेकांना सांगत आलो. ते तत्त्व मी स्वतः एकदाच मोडले. त्याचा जाब मला गेल्या भाद्रपदात द्यावा लागला. जाब विचारायला वडगावच्या एक आक्का दोन बसा बदलून पिरनवाडीला माझ्या घरी आल्या होत्या.

आक्का हातमागावर साड्या विणत. वय झाले होते, एका डोळ्याचे ऑपरेशन झाले होते, तरी बसण्यात ताठपणा होता. पाणी पिऊन झाल्यावर त्या म्हणाल्या, "मास्तर, दिवाळी झाली की आमचा माग काढायचा ठरलंय. पोराला खोली पायजे. माझं काय म्हणणं न्हाय. खरं नातीचं लगीन मार्गशीर्षात हाय आणि तिची साडी न्हाय."

"विणून होणार नाही का तोवर?"

"विणायला महिना पुरतो. पाखरू कुठनं आणू? आमचं वळून बघणारं पाखरू तुमच्या मशीनमधी हाय न्हवं?"

मी मोठ्या विश्वासाने "आहे" म्हटले. ते पाखरू काय होते, हे सांगण्यासाठी मला जरा मागे जावे लागेल.

मी वडगावच्या शाळेत गणित शिकवत होतो, तेव्हा तिथल्या विणकरांची एक सोसायटी होती. तिच्याकडे एक संगणक आला आणि तो चालवणारे कोणी नव्हते. मी नुकताच सुटीतला एक वर्ग करून आलो होतो, म्हणून सोसायटीचे सेक्रेटरी मला बोलवायला आले. सगळे त्यांना आप्पा म्हणत. काम असे होते: प्रत्येक घराच्या काठाचा नमुना कायमचा नोंदवून ठेवायचा. काठावरची नक्षी विणण्यासाठी मागाच्या डोक्यावर पुठ्ठ्याच्या पत्त्यांची माळ फिरते. एका पत्त्याने काठाची एक ओळ विणली जाते. पत्त्याला जिथे भोक असेल तिथला धागा उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो. हे समजल्यावर मला फार आनंद झाला. भोक म्हणजे एक, भोक नाही म्हणजे शून्य. संगणकाला दुसरे काय हवे असते?

उन्हाळ्याच्या सुटीत मी रोज सकाळी सोसायटीत बसत असे. एकेका घरातून पत्त्यांची माळ येई. एक जण पत्ता उजेडासमोर धरून "भोक, भोक, न्हाय, भोक" असे वाचे आणि मी काळ्या पडद्यावर एक आणि शून्य टाइप करी. बाहेर गल्लीभर मागांची खटखट चालू असे. त्या लयीवर वाचन चाले, आणि एखादा माग थांबला की वाचणाराही अडखळे. नमुन्याच्या नावासाठी एक रकाना, घराच्या नंबरासाठी एक, पत्त्यांसाठी एक, आणि आप्पांच्या आग्रहाखातर शेवटी 'शेरा' नावाचा एक रकाना होता. चाळीस अक्षरे मावत.

आक्कांचे घर एक्केचाळीस नंबरचे. त्यांचा काठ पाखरांचा: एकामागे एक, सगळी पदराकडे तोंड करून चाललेली. आक्कांचे यजमान पत्ते घेऊन आले, तेव्हा त्यांच्या हातात दोन माळा होत्या, एक मोठी आणि एक अगदी लहान. लहान माळेत एकच पाखरू होते. ते मान वळवून मागे पाहत होते. त्या घरची लेक सासरी जाताना तिच्या साडीत, डाव्या खांद्यावर येईल अशा बेताने, हे पाखरू एकदाच विणायचे, असा त्यांचा रिवाज होता. विकायच्या साडीत ते कधी येत नसे.

ते मागे का पाहते, असे मी विचारले होते. यजमान लाजून माळेची गाठ सोडू लागले. मागून आलेल्या आक्काच म्हणाल्या, "बाकीची येत्यात का न्हाय बघतंय. एवढ्या पाखरांत एखादं तरी शहाणं नगो व्हय?"

मी लहान माळेला नवा नंबर देऊ लागलो. आप्पांनी हात वर केला.

"मास्तर, तुम्ही भाऊ किती?"

"तीन."

"आणि रेशन कार्डं?"

"एकच."

"मग झालं तर! एका चुलीला एक नंबर. पाखरानं मान वळवली म्हणून काय ते वायलं निघालं व्हय?"

वेगळी चूल मांडून राहण्याला आमच्याकडे वायलं निघणे म्हणतात. ज्याची चूल वेगळी त्यालाच वेगळा नंबर, हा सोसायटीचा नियम होता. त्यावरून पूर्वी भांडणे झाली होती आणि आप्पांनी ती मिटवली होती. मी त्यांना हजेरीच्या नंबराचे उदाहरण दिले. त्यांनी पुन्हा रेशन कार्डाचे दिले. अखेर मी एक्केचाळीस नंबराखाली दोन नोंदी केल्या आणि दुसरीच्या शेऱ्यात लिहिले: 'लेकीच्या साडीत एकदाच.' त्या जुन्या पद्धतीत नंबर शोधला की पहिली नोंद पुढे येई. दुसरी पाहायची तर 'पुढे चल' अशी वेगळी आज्ञा द्यावी लागे. ती आज्ञा मी एका चिठ्ठीवर लिहून संगणकाला चिकटवली. चिठ्ठी किती दिवस टिकते, हे मी शिक्षक असून विसरलो.

पुढे घरोघरी यंत्रमाग आले. आप्पा गेले, सोसायटी बंद पडली. निपाणीच्या एका साडीच्या व्यापाऱ्याने तिथले कपाट, टेबल आणि संगणक एकत्रच उचलले. त्यांना सगळे अण्णा म्हणत. मी एका रविवारी निपाणीला जाऊन त्यांना सगळे समजावून दिले. गिऱ्हाइकाने जुना काठ मागितला की अण्णा नमुना शोधत आणि फोनवरून वडगावला कळवत. त्यांनी काही बदलले नाही. फक्त नंबराने शोधण्याऐवजी ते नमुन्याच्या नावाने शोधत, कारण घरांचे नंबर त्यांना पाठ नव्हते.

त्यानंतर बेंगळूरच्या एका कंपनीने हा संग्रह मागितला. अण्णांनी त्याची एक प्रत दिली, संगणक मात्र दिला नाही. कंपनीने शेऱ्याचा रकाना काढून टाकला, कारण बहुतेक ठिकाणी तो रिकामा होता. मग त्यांनी मला एक यादी पाठवली. दुबार नोंदी काढल्या आहेत, आपण पाहून संमती द्यावी, असे त्यात होते. यादीत एक्केचाळीस नंबर होता. नाव तेच, घर तेच, फक्त पत्ते कमी. मला तेव्हा एखाद्या मुलाने वही नीट आखून आणावी तसे समाधान वाटले, आणि मी 'योग्य' असे लिहून पाठवले. पुढे ती कंपनी दुसऱ्या कंपनीत गेली, दुसरी तिसरीत. प्रत्येकीने संग्रह झाडून पुसून घेतला.

आक्का घरी आल्या त्या दिवशी मला यातले काहीच आठवत नव्हते. हिंडलग्याची एक मुलगी, माझीच जुनी विद्यार्थिनी, घरी बसून त्या कंपनीचे काम करते. मी आक्कांसमोरच तिला फोन लावला.

"सर, एक्केचाळीसला एकच नोंद दिसतीय. चालणारी पाखरं."

"पुढे पाहा. अजून एक असेल."

"न्हाय सर. इथं दुबारमधी काढल्याची नोंद हाय." तिने पुढची ओळ वाचली. "संमती म्हणून तुमचंच नाव हाय की."

फोन मोठ्या आवाजावर होता. आक्कांनी सगळे ऐकले होते. त्या रागावल्या असत्या तर मला सोपे गेले असते. त्या एवढेच म्हणाल्या, "मालक असते तर त्यांनी पत्त्यांना परत भोकं पाडली असती. माळ पुराच्या साली भिजली, मीच चुलीत घातली. म्हटलं, मास्तरांकडं हाय."

घरच्या आधीच्या लेकींच्या साड्या कुठे आहेत, असे मी विचारले. धाकट्या नणंदेची साडी तिच्याबरोबर गेली होती, म्हणजे सरणावर. थोरलीच्या साडीची गोधडी होऊन तीही विरली होती. आक्कांना मुलगी नव्हती. नात ही त्या घरची पुढची लेक होती.

खंडेनवमीच्या दिवशी मी निपाणीला गेलो. खरे तर अण्णांकडून धीराचे दोन शब्द मिळावेत, एवढीच अपेक्षा होती. तो संगणक भंगारात जाऊन किती वर्षे झाली असतील, हा हिशेब मी बसमध्येच सोडून दिला होता. दुकानात पोचलो तर पूजा मांडलेली. कात्री, मीटरपट्टी, स्कूटरची किल्ली, आणि त्यांच्या मागे, सोसायटीच्याच टेबलावर, तो संगणक. पडद्यावर हळदीकुंकवाची पाच बोटे, माथ्यावर झेंडूचा हार.

"अण्णा, हा अजून आहे?"

"पुजलेली वस्तू मोडीत कशी घालायची हो, मास्तर? पोरगा रोज म्हणतोय, काढा ते डबडं. म्हटलं, मी बी डबडंच हाय, मला बी काढ."

मुलगा गल्ल्यावरून म्हणाला, "तुम्ही लवकर सुरू होत न्हाई, अण्णा. हे तरी होतंय."

मी दचकून विचारले, "हा सुरू होतो?"

"होतंय की! खंडेनवमीला हत्यार चालवून बघायचं असतंय. कात्रीनं चिंधी कापायची, स्कूटर गल्लीतनं फिरवायची, आणि ह्याला एकदा लावायचं. दरवर्षी. काय दिसतंय ते मला कळत न्हाय, पण दिसतंय."

अण्णांनी हार बाजूला सारला आणि बटण दाबले. यंत्राने दोनदा कण्हल्यासारखे केले. मग काळ्या पडद्यावर, कुंकवाच्या बोटांमागे, माझी जुनी पांढरी अक्षरे उमटली. मी एक्केचाळीस शोधले. चालणारी पाखरे आली. आज्ञेची चिठ्ठी केव्हाच गळून पडली होती, पण बोटांना ती पाठ होती. 'पुढे चल' म्हटले, आणि ते आले. शेऱ्यासकट.

छापणे शक्य नव्हते, कारण छपाईचे यंत्र उंदरांनी संपवले होते. पडद्याचा फोटो काढू पाहिला, तर अक्षरांवरून पट्टे धावत. तेव्हा मी मला येते तेच केले. समोरच्या दुकानातून आलेखाची वही आणली, पेन्सिलीला टोक केले, आणि एकापाशी चौकोन भरत, शून्यापाशी रिकामा सोडत, एकेक ओळ उतरवली. आकडे अण्णा मोठ्याने वाचत होते. एका ओळीत त्यांनी एक शून्य गाळले आणि पाखराची चोच तुटली. मी ती ओळ खोडून पुन्हा वाचायला लावली.

"शाळा सुटली तरी मास्तर काय सुटत न्हाईत," अण्णा म्हणाले, पण त्यांनी पुन्हा वाचली.

शहापुरात पत्त्यांना भोके पाडून देणारे एकच गृहस्थ उरले आहेत. त्यांनी आठवड्यात माळ करून दिली. दिवाळीच्या आधी आक्कांचा निरोप आला, आणि मी वडगावला गेलो. हातमागावर कापड उलटे विणले जाते, म्हणजे नक्षीची बाजू खाली असते. आक्कांनी हातआरसा काठाखाली धरला आणि मला वाकायला सांगितले. आरशात पाखरे एकामागे एक चालली होती, आणि त्यांतले एक मान वळवून पाहत होते. नात खोलीच्या दारात मोबाइल धरून उभी होती.

"आज्जी, चोच जरा मोठी झालीय काय गं?"

"मास्तरांनी काढलीय. त्यांना बोलायची सवय, म्हणून मोठी आली असंल."

दिवाळीनंतर माग निघाला. मागाचे खांब पाडताना मी तिथे नव्हतो.

त्याच सुमारास हिंडलग्याच्या मुलीचा फोन आला. पाखराचे पत्ते तिने कंपनीच्या संग्रहात परत भरायला घेतले होते. "सर, एका नंबरावर दोन नोंदी आता सिस्टीम घेतच न्हाय. वेगळा नंबर देऊ?"

मला तत्त्व माहीत होते, आणि आप्पाही आठवत होते. मी आक्कांना विचारायला गेलो. त्या मोकळ्या झालेल्या खोलीत गहू निवडत बसल्या होत्या.

"द्या की," त्या म्हणाल्या. "सोसायटी न्हाय, आप्पा न्हाईत, माग बी न्हाय. निघू द्या त्याला वायलं. पण ते कुणाचं, तेवढं लिवा."

मुलीने माझ्यासाठी शेऱ्याचा रकाना पुन्हा उघडला. चाळीसच अक्षरे, पूर्वीसारखी. मी तिला फोनवर सांगितले आणि तिने टाइप केले: 'घर एक्केचाळीसचे. लेकीच्या साडीत एकदाच.' मग मी तिला ते वाचून दाखवायला सांगितले. तिने वाचले. बरोबर होते.