प्रयोगाच्या दिवशीचा उपास

राहुरीला आम्ही दोघं एकाच घरात भाड्याने राहायचो. तो विद्यापीठात संशोधन करी आणि मी त्याच विभागात टायपिस्ट होतो. उंदरांच्या यकृताच्या पेशींतल्या मायटोकाँड्रिया, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारे बारीक कण, कॅल्शियम आत ओढून घेतात. औषध घातलं की ते ओढणं मंदावतं का, एवढाच त्याचा विषय. बोलणं हळू, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी "बघू."

प्रयोगाच्या आदल्या रात्री उंदरांना उपाशी ठेवावं लागे. त्या रात्रीपासून दुसऱ्या दिवशीचं काम संपेपर्यंत तोही जेवत नसे. कारण त्याने कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. घरमालकीणबाईंना मात्र ते कडक व्रत वाटे. फक्त वार जुळत नसे, त्याचं त्यांना कोडं होतं.

एकदा सकाळी त्यांनी साबुदाण्याची खिचडी त्याच्यापुढे ठेवली. "देव कोन्चा बी असू द्या सायेब, खिचडी चालती. रिकाम्या पोटी जाऊ न्हाई."

त्याला नाही म्हणता आलं नाही. त्याने बशी संपवली.

प्रयोगशाळेत नगरहून एसटीने आलेला बर्फ तयार होता. उंदीर मारून काढलेलं यकृत गार ठेवायला तो लागे, आणि रोज मिळत नसे. त्याने पिंजरा उघडला आणि आत खाद्य टाकलं.

"काय झालं?" मी विचारलं.

"मी खाल्लंय. आज नको." त्यापुढे "बघू" आलं नाही.

दुपारपर्यंत बर्फाचं बादलीत पाणी झालं. पुढच्या आठवड्यात बर्फ आला, तेव्हा तो उपाशी होता. त्याने पिंजरा उघडला आणि पहिला उंदीर बाहेर काढला.