प्रज्ञाचं फोल्डर

किस्से साठायला मोठं ऑफिस लागत नाही. खोपटच्या ऑफिसात आम्ही मोजकीच माणसं, आणि कोड लिहायचा एक हट्टी प्रोग्राम, म्हणजे एडिटर. तेवढं पुरतं!

कोड लिहिताना दोन अक्षरं टाइप केली की पुढचं नाव एडिटरने सुचवावं, एवढीच आमची माफक अपेक्षा. त्यासाठी कोड मशीनच्या भाषेत आणणाऱ्या कंपायलरला ज्या सूचना देतो, म्हणजे फ्लॅग्ज, त्या एका फाइलमध्ये लिहून एडिटरलाही द्याव्या लागतात. नाही दिल्या की तो धडधडीत बरोबर कोडखालीही लाल रेघा मारत सुटतो.

*

आमचे सावंत सर त्या रेघांना वैतागले. फ्लॅग्ज कोण लिहीत बसणार? त्यांनी सेटिंगमध्ये जाऊन लाल रंगाचा हिरवा केला.

"आता कसं प्रसन्न वाटतं!"

*

शेवटी ती फाइल टिटवाळ्याहून येणाऱ्या प्रज्ञाने लिहिली. एडिटर भराभर नावं सुचवू लागला आणि सरांची बोटं सुखावली. एकदा क्लायंटला गेलेल्या मेलच्या शेवटी नुसतंच "आपला सा" होतं.

"अरे, मला वाटलं पुढचं तो लिहील!"

*

मग आम्ही सगळ्यांनी तीच फाइल कॉपी केली. पण तिच्यात कोड शोधायचा पत्ता होता प्रज्ञाच्या मशीनवरच्या, तिच्याच नावाच्या फोल्डरचा. पत्ता बदलणं एका ओळीचं काम. पण चालत्या फाइलला हात कोण लावणार? प्रत्येकाने आपापल्या मशीनवर 'प्रज्ञा' नावाचं फोल्डर बनवलं आणि सगळं सामान त्यात टाकलं!

एकदा मी घरून काम करत असताना बायकोने ते पाहिलं.

"ही प्रज्ञा कोण रे?"

"फ्लॅग्ज," मी म्हणालो. तिला ते अजून पटलेलं नाही.

*

प्रज्ञा बाळंतपणाच्या रजेवर गेली, रजा लांबत गेली. परत येण्याच्या आदल्या दिवशी तिचा फोन आला. "माझ्यावाचून तुमचं काहीच अडलं नाही रे. मला आता तिथे जागा असेल ना?" मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती आली, तर तिच्या खुर्चीवर नवीन लागलेली केतकी. प्रज्ञाचा चेहराच उतरला. दोघींची ओळख नव्हती. काहीतरी बोलायचं म्हणून प्रज्ञाने स्क्रीनकडे बघत विचारलं, "लाल रेघा येत नाहीत का गं?"

"नाही मॅडम. मशीन मिळालं की आधी प्रज्ञा बनवायची, मग सगळं नीट चालतं."

"प्रज्ञा कोण?"

"काय माहीत! पण तिच्याशिवाय इथे कुणाचंच चालत नाही."