टँकरचा मेल परत आला तेव्हा

मंडळी, आज सकाळी माझा घामच निघाला. लोह्याजवळच्या आमच्या ग्रामपंचायतीत मी कॉम्प्युटर ऑपरेटर आहे. गावाची विहीर आटलीय, म्हणून टँकरच्या मागणीचा मेल बारा वाजेपर्यंत तालुक्याला पोचवायचा होता.

कालच बसवलेल्या नव्या कॉम्प्युटरवरून मेल पाठवला, तर लगेच परत आला. कारण लिहिलं होतं, 'रिले नाकारला', म्हणजे सर्व्हरनं मेल पुढे पाठवायला नकार दिला.

सरपंच सुमनताई शेजारीच बसल्या होत्या. "काय गं, आपलं गाव नाकारलं का काय?"

माझी मैत्रीण लातूरला मेल सर्व्हर सांभाळते. तिला फोन लावला, तर ती हसायलाच लागली.

"अगं, पोर्ट म्हंजी मेल जायचा दरवाजा. पंचवीस नंबरचं पोर्ट सर्व्हरनी एकमेकांशी बोलायला असतंय. तू सेटिंगमधी पाचशे सत्त्याऐंशी टाक. अन् मेल पाठवतानाबी युजरनेम-पासवर्ड द्यावा लागतो, तिथंच त्याचा चौकोन हाय, त्यात टिक कर. ओळख पटल्याबिगर सर्व्हर बाहेर जायचा मेल पुढं धाडत न्हाई. तसाच धाडला तर कुणीबी त्याच्यावरून फालतू मेल पाठवत सुटंल."

दोन्ही बदललं, मेल पुन्हा पाठवला. गेला! पावणेबाराला उत्तर आलं, 'प्रस्ताव मिळाला.'

सुमनताई म्हणाल्या, "सरक, मलाबी शिकव." मग एकेक अक्षर शोधत त्यांनी तालुक्याच्या साहेबांना आयुष्यातला पहिला मेल लिहिला: 'साहेब, कागद तुम्हाला मिळाला. आता पाणी पाठवा.'

अर्ध्या तासात साहेबांचं उत्तर आलं, 'ताई, उद्याच पाहणीला येतो.'

तुमचा पहिला मेल कुणाला होता हो? अन् त्याला इतक्या लवकर उत्तर आलं होतं का?