मामाजींचे आलू

माझं माहेर नरखेडकडचं, संत्र्यांच्या बागांतलं. लग्न होऊन नागपुरात आले ती विणकराच्या घरात. तेव्हा घरात माग होता. पहाटेपासून खटाक-खटाक सुरू व्हायचं आणि मला त्या आवाजाचा भारी राग यायचा. पुढे यंत्रमागाची लुगडी स्वस्त मिळायला लागली, हातमागाचं कोणी घेईना, आणि सासऱ्यांनी, म्हणजे आमच्या मामाजींनी, स्वतःच्या हाताने माग मोडून काढला. राहिला तो फक्त खड्डा.

विणणारा माणूस जमिनीवर बसतो आणि पाय खाली खड्ड्यात सोडतो, माग पायानेही चालवावा लागतो म्हणून. माग गेला तरी मामाजी रोज अंघोळ करून त्याच खड्ड्यात पाय सोडून बसायचे. समोर नुसती भिंत. चांगला बोलका, अख्ख्या मोहल्ल्याची थट्टा करणारा माणूस, आमच्या डोळ्यांदेखत मुका होत चालला होता. "बाबा, खड्डा बुजवून फरशी टाकू," असं माझा नवरा म्हणाला की ते जेवण अर्ध्यावर टाकून उठायचे. सासूबाई मला हळूच म्हणायच्या, "हा मानूस असाच बसल्या बसल्या जाईन वं." मला ते बघवत नव्हतं.

दिवाळी झाली. टोपलीतल्या आलूंना कोंब फुटले म्हणून सासूबाई ते फेकायला निघाल्या. मी म्हटलं, "फेकता काहून? लावून पाहू मागच्या अंगणात." आता खरं सांगते, मला कुठे आलू लावता येत होते! आमच्याकडे संत्री आणि कापूस, आलू लावले होते कोणी? पण शेतकऱ्याची पोर ना मी, येत नाही कसं म्हणणार. वर मामाजींना हाक मारली, "माझ्यानं जमीन खोदणं होत नाही, मामाजी." हे तर साफ खोटं, त्यांच्यापेक्षा मीच बरी खोदते. पण ते आले. कुदळ घेतली. प्रत्येक फोडीला एक कोंब ठेवून मी आलू कापले, त्यांनी मातीत लावले. पानं वर आली तेव्हा मला बोलवायला ते स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आले. "ये, पाह्य वं." बस, एवढंच बोलले. पण मला कोण आनंद झाला!

मग रोपं माना टाकायला लागली. पाणी बरोबर, ऊन बरोबर, आणि रोज सकाळी पाहावं तर बुडाशी माती उकरलेली. घूसच ती, दुसरं काय! मी त्या घुशीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, बाभळीचे काटे आणून पसरले. एका संध्याकाळी काठी घेऊन मागच्या दाराशी गेले, तर घूस कुठली. मामाजी उकिडवे बसलेले, काटे बाजूला केलेले, आणि हात मनगटापर्यंत मातीत.

"मामाजी! काय करून राह्यले तुम्ही?"

ते केवढ्याने दचकले. "किती झालं, ते पाहून राह्यलो होतो."

"रोज?"

"रोज. अवं, मागावर संध्याकाळी हात लावला का समजते, आज इतकं विणलं. याचं काहीच समजत नाही. दिवसभर आपण काय केलं, हे मानसाले समजाले नको का?"

चांगले दोन-चार शब्द सुनावायचं मनात होतं. पण रडूच आलं मला. खड्ड्यात बसून हा माणूस इतके दिवस हाच विचार करत असेल, आणि आम्ही त्याला फरशीच्या गोष्टी सांगत होतो. पदराने डोळे पुसले आणि तरी जरा दटावूनच म्हटलं, "खालचं नाही मोजायचं. वरचं मोजा."

मोजायला लागले की! वीत लावून, बोटं लावून, लुगडं मोजावं तसं. जेवताना सांगायचे, "आज बोटभर वाढलं." नवरा हसायला लागला की मी त्याच्याकडे डोळे वटारून पाहायची. मामाजी बुडाला माती चढवायचे, शेजारची बकरी हाकलायचे, वर बकरीवालीशी कडाकडा भांडायचे. एकदा असंच भांडण ऐकून सासूबाई चुलीपाशी हसत सुटल्या. "बोलून राह्यला वं बुढा!" म्हणाल्या.

आणि संक्रांत होऊन गेली तशी रोपं पिवळी पडली. पाहता पाहता सगळी आडवी झाली. मामाजींनी वीत लावली, मग हात मागे घेतला. "मीच मारले," म्हणाले, "उकरून उकरून मीच मारले." दुसऱ्या दिवशी पुन्हा खड्ड्यात पाय. चहा तसाच गार झाला. जेवायलाही उठले नाहीत. त्या आलूंची, माझ्या शहाणपणाची, सगळ्यांची मला अशी चीड आली! कशाला या म्हाताऱ्या जिवाला आशा लावली मी?

मेलेली झाडं डोळ्यांसमोर तरी नकोत म्हणून तणतणत अंगणात गेले आणि एक झाड उपटलं. मुळाशी आलू लोंबत होते. लहान-मोठे, मातीने माखलेले. दुसरं उपटलं, त्यालाही! झाड वाळतं तेव्हाच खाली आलू तयार झालेले असतात, हे आम्हा दोघांनाही कुठे ठाऊक होतं!

"मामाजी! अहो मामाजी, या ना इकडे!"

ते आले. उकिडवे बसले आणि मनगटापर्यंत हात मातीत घातला. या खेपेला कोण अडवतं! एकेक आलू काढून त्यांनी जमिनीवर ओळीने मांडला, आणि ओळ पूर्ण झाल्यावर कोपरापासून हात लावून ती मोजली. "लुगडं नाही झालं वं," ते म्हणाले, "पण पंचा झाला." आणि हसले. माग मोडल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

त्यातले थोडे आलू त्यांनी बियाण्याला काढले. थंड, अंधाराची जागा पाहिजे म्हणाले. उन्हाळ्यात ते टिकतील असं मला काही वाटत नव्हतं, पण मी चांगले चांगले निवडून दिले. दुसऱ्या सकाळी सासूबाई नेहमीसारखा चहा घेऊन खड्ड्यापाशी गेल्या आणि कप हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. खड्ड्यात रेती पसरून त्यावर आलू मांडले होते, पाय ठेवायला जागा नव्हती. मामाजी मागच्या अंगणात भेंडीसाठी माती खोदत होते.